शेजारचे दिवस

शाल्मलीने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पाठीवरची सॅक कोपऱ्यात टेकवली आणि परक्या घरी विचारावे तितक्या शालीनपणे विचारले, "मामा, बाथरूम कुठे आहे?"

कौस्तुभ पानस्करने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. घर दोन खोल्यांचे. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी. चुकायला जागाच नव्हती. आणि ही आठ वर्षांची मुलगी, त्याच्या थोरल्या बहिणीची, गेली तीन वर्षे दर मे महिन्यात आठ-आठ दिवस याच घरात राहून गेली होती.

"अगं, असं काय करतेस?" तिची आई, वृंदा, हसली. "गेल्या वर्षी आतून कडी अडकली म्हणून रडून सगळी आळी गोळा केली होतीस ना?"

"मी?" शाल्मलीने विचारले. त्या विचारण्यात नाटक नव्हते.

"भिंतींना नवा रंग दिलाय ना, म्हणून गोंधळली," वृंदा म्हणाली. रंग नवा नव्हता.

जेवताना तिने दुसरा प्रश्न विचारला. "मामा, तुझा फेटा कुठंय?"

"माझा कसला फेटा?"

"केशरी. गेल्या वर्षी होता. तू मला कैरीच्या फोडी दिल्यास तिखटमीठ लावून. आणि झोका दिलास, एकवीस वेळा. मी मोजले होते." तिचे डोळे उजळले. त्या डोळ्यांत दुपारचे ऊन, झोक्याची दोरी, कैरीवर चमकणारा मिठाचा कण, सगळे जागच्या जागी होते. "तुझ्या मिशीला अत्तराचा वास येत होता."

कौस्तुभला मिशी नव्हती. कधीच नव्हती. त्याने पानातला भात कालवला आणि कालवतच राहिला. केशरी फेट्याचा, अत्तर लावलेल्या मिशीचा तो माणूस त्याच्या ओळखीचा होता. तो काम करीत असलेल्या कौतुकनगरी या करमणूकनगरीच्या 'मामाचं गाव' या विभागात तीन पाळ्यांत तीन माणसे मामाचे सोंग घेत. गेल्या वर्षी शाल्मलीला झोका दिला तो दुसऱ्या पाळीतल्याने.

भाचीच्या मनात मामा होता, अगदी ठसठशीत होता. फक्त तो हा नव्हता.

*

पाटणच्या वरचे पठार एके काळी पवनचक्क्यांचे होते. त्यांतल्या निम्म्या आता थांबल्या आहेत. पाती कुठल्याशा एका जुन्या वाऱ्याच्या दिशेला तोंड करून स्थिर झाली आहेत. पठाराच्या पूर्वेच्या कडेला कौतुकनगरी उभी राहिली आणि तीन वर्षांत पश्चिमेच्या कडेला नवलगड. मधे दरी. संध्याकाळी एकीकडचे दिवे लागले की दुसरीकडचे त्याहून एक जास्त लागत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून कुटुंबांच्या गाड्या घाट चढून येत. वर एक फाटा होता, आणि त्या फाट्यावर गाडी डावीकडे वळते की उजवीकडे, यावर दोन्हीकडच्या हजारेक माणसांचे वर्ष अवलंबून असे.

सुरुवातीला चढाओढ पाळण्यांच्या उंचीची होती. मग पाण्याच्या घसरगुंड्यांची. पण उंचीला आकाशाची आणि घसरगुंडीला डोंगराची मर्यादा असते. तेव्हा दोन्ही नगऱ्या त्या जागेकडे वळल्या जिथे मर्यादा दिसत नाही: मुलांच्या मनाकडे.

मेंदूच्या देठाशी, मानेच्या थोडे वर, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. त्याचा रंग निळसर, म्हणून त्याला नीलबिंदू म्हणतात. काही नवे, अपूर्व घडले की हा बिंदू चेततो आणि स्मृतीच्या केंद्राकडे एक रसायन धाडतो. त्या रसायनाच्या इशाऱ्यावर तिथे प्रथिने तयार होतात आणि ताज्या, ओल्या आठवणी पक्क्या होतात. केवळ त्या नवलाच्याच नव्हे. त्याआधीच्या तासाभरात जे काही घडले असेल, तेही त्या पुरात न्हाऊन पक्के होते. म्हणूनच एखाद्या मोठ्या बातमीच्या आधी आपण कोणते भांडे घासत होतो, हे माणसाला जन्मभर आठवते.

श्रवणातीत ध्वनीचा अगदी सौम्य झोत डोक्याला इजा न करता या बिंदूपर्यंत पोहोचवता येतो, हे सिद्ध झाले आणि चार वर्षांत ते रुग्णालयांतून करमणुकीच्या बाजारात आले. कौतुकनगरीच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर 'निरोप दालन' होते. तिथे मऊ खुर्च्या होत्या. मूल खुर्चीत बसे, डोके उशीला टेकवी, निळे दिवे मंदावत, एक घंटी वाजे. दीड मिनिट. याला ठसा म्हणत. ठसा घेतलेल्या मुलाला तो दिवस विसरता येत नसे. ते पुढच्या सुट्टीत त्याच फाट्यावर त्याच बाजूला बोट दाखवी.

कौस्तुभ त्या दालनातला तंत्रज्ञ होता.

तेवढेच असते तर बिघडले नसते. पण प्रथिने पाटाच्या पाण्यासारखी असतात. पाटाच्या तोंडाशी कुणी ऊस लावला की शेपटाकडच्या रानाला पाणी पोहोचत नाही. मुलाच्या मनात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या कितीतरी अर्धओल्या आठवणी पाण्याची वाट पाहत असतात, आणि पुढच्या चार-आठ दिवसांत नव्या येऊन त्यांच्या रांगेला लागतात. ठसा त्या सगळ्यांचा वाटा ओढून घेई. दालनातल्या लोकांनी त्या वाळून जाणाऱ्या दिवसांना एक नाव दिले होते: शेजारचे दिवस. ते नाव कुठल्याही पत्रकात छापलेले नव्हते.

*

"तीन मात्रा," खर्डेकर मॅडम म्हणाल्या. त्या निरोप दालनाच्या प्रमुख. बोलताना चष्मा काढून पुसायची त्यांची सवय होती, जणू समोरच्याचे म्हणणे काचेवर बसत असावे. "उद्यापासून लहान मुलांना दोनऐवजी तीन."

"नवलगडनं वाढवली का?" कौस्तुभने विचारले.

"सोमवारपासून. आपण सर्वेक्षण केलं. एकाच सुट्टीत दोन्हीकडे जाऊन आलेली मुलं आपल्याकडचा दिवस सांगूच शकत नाहीत. तिकडचा किल्ला आठवतो, तोफा आठवतात. आपल्याकडचं म्हणे, 'हो, कुठेतरी गेलो होतो.' कुठेतरी!" त्यांनी चष्मा चढवला. "आठ हजार कुटुंबांचा 'कुठेतरी' झालोय आपण, पानस्कर."

"मॅडम, शेजारचे दिवस..."

"पाहुण्यांनी काय लक्षात ठेवावं, ते आपलं काम. काय विसरावं ते आपण ठरवत नाही."

मॅडम गेल्यावर बाजूच्या खुर्चीच्या तारा तपासत बसलेली नसीमा हसली. ती साताऱ्याची, दालनात सगळ्यांत जुनी, आणि कुणालाही भीत नसे. "बरोबर बोलल्या. आपण ठरवत नाही, नुसतं करतो. आमच्या जावेच्या शाळेत काय झालं ठाऊक आहे का? बाईंनी निबंध दिला, 'माझी सुट्टी'. चाळीसांतल्या बत्तीस पोरांनी एकच निबंध लिहिला. कॉपी म्हणून बाईंनी सगळ्यांना उभं केलं."

"मग?"

"मग काय! कॉपी नव्हतीच. पोरांनी आठवून लिहिलं होतं." ती हसायची थांबली. "भाची आली ना तुझी? पास काढलेस?"

"काढलेत."

"दरवर्षी काढतोस बाबा. असा मामा पाहिजे."

कौस्तुभने खुर्चीच्या उशीवरून हात फिरवला. तीन वर्षे त्याने स्वतःच्या हातांनी तिला इथे बसवले होते. दरवर्षी मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी. कारण शेवट गोड व्हावा. आठ दिवस आंब्याच्या रसाचे, गच्चीत घातलेल्या अंथरुणाचे, त्याच्या स्कूटरवर पुढे उभे राहून घाटात ओरडण्याचे, आणि मग दर वर्षी, अतिशय मायेने, त्याने ते आठही दिवस पाटाच्या शेपटाला नेऊन सोडले होते. मूल पाच वर्षांचे होते, सहा वर्षांचे होते, विसरायचेच, असे तो मनाशी म्हणू शकत होता. त्याने म्हणून पाहिले. जमले नाही.

*

बुधवारी त्याची सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमाराला तो शाल्मलीला स्कूटरवर घेऊन पठारावर गेला. नगरीकडे नव्हे, बंद पवनचक्क्यांकडे. वृंदा घरी बॅगांची वजने करीत राहिली. पुढच्या आठवड्यात त्या दोघी ऑस्ट्रेलियात, पर्थला राहायला जाणार होत्या. शाल्मलीचे बाबा मार्चमध्येच पुढे गेले होते.

पठारावर झाड नाही. मध्यान्ही सूर्य डोक्यावर आला की खांबाची सावली खांबाच्याच पायाशी घुटमळते. पण चार वाजता ती लांब आणि अरुंद होऊन माळावर पडते, एखाद्या रस्त्यासारखी. त्या रस्त्यावर मेंढ्या एकामागे एक उभ्या होत्या, माना खाली घालून, आणि त्यांच्या टोकाला एक धनगरीण बसली होती.

"सरका की वो पावणं," ती म्हणाली. "मेंढरास्नी जागा द्या. तुमच्याकडं छत्री असंल घरी."

"छत्री घरी आहे, आम्ही इथं आहोत," कौस्तुभ म्हणाला.

"मग बसा त्यांच्यासारखं रांगंत."

ते रांगेत बसले. शाल्मली पुढे, तो मागे. पाठीमागे मेंढ्यांचा उबट वास. थोड्या वेळाने तिच्या उजव्या गुडघ्यावर ऊन आले.

"मामा, सावली चालते?"

"चालते. आपण मुक्कामाला बसलो की हमखास चालते."

"मग आता?"

"मग आता सरकायचं."

ते वीतभर सरकले. मेंढ्याही सरकल्या, न सांगता. दर दहा मिनिटांनी सगळी रांग थोडी थोडी हलत होती, आणि शाल्मलीला त्याचे इतके हसू येऊ लागले की ती ऊन यायच्या आधीच "सरका की वो पावणं!" असे ओरडू लागली. धनगरीणही हसली. मग शाल्मलीने खांबाला कान लावला. आत कुठेतरी, फार वर, वारा लोखंडात अडकून बोलत होता.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग हे कोण बोलतंय?"

तिला उत्तर नको होतेच. तिने दुसरा कान लावला.

कौस्तुभ तिच्याकडे पाहत राहिला. पठारावर वारा होता, आणि त्याला एकाएकी फार थकल्यासारखे झाले. चालून येणारा थकवा नव्हे, पुष्कळ वर्षे एकाच जागी उभे राहिल्यावर येतो तो. हे दृश्य त्याच्याजवळ राहील. तिच्याजवळ राहणार नाही. आणि या वेळी, पुढच्या मेमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला ती येणारही नव्हती.

*

"तुला माहीत होतं?" वृंदाने विचारले.

गुरुवारची सकाळ. शाल्मली शेजारच्या अंगणात खेळायला गेली होती. वृंदा ओट्याशी आंबे चिरत होती. त्याने सगळे सांगून टाकल्यावर तिची सुरी थांबली.

"दिवस वाळतात हे माहीत होतं. इतके, हे नव्हतं. तिनं बाथरूम कुठंय विचारलं तेव्हा कळलं."

"आणि मी हसण्यावारी नेलं." तिने सुरी ठेवली. "मला वाटायचं हिला माणसांची ओढच नाही. फोनवर तुझ्याशी बोलायला लावलं की 'काय बोलू' म्हणायची. मी रागवायचे तिला, कौस्तुभ. मामाला विसरतेस म्हणून रागवायचे."

"शनिवारचे पास परत करतो. ठसा नको."

तो निर्णय त्याला सोपा वाटला होता. वृंदाने मात्र चिरलेल्या फोडी एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, "आणि मग काय राहील?"

"जे राहायचं ते."

"काही राहणार नाही. तुला अनुभव नाही मुलांचा. नवा देश, नवी शाळा, नवी भाषा. सहा महिन्यांत धुऊन जाईल सगळं, तुझ्या मशीनशिवाय. आम्ही पाच वर्षं तरी येत नाही. पाच वर्षांनी ही तेरा वर्षांची असेल आणि तू एक नाव असशील." तिने आंब्याची कोय त्याच्यापुढे सरकवली, लहानपणापासून कोय त्याची. "तूच म्हणालास ना, ठशाच्या आधीचा तास पक्का होतो?"

"हो."

"मग तो तास तुझा असू दे. झोका नको, फेटा नको. काल ती आल्यापासून मेंढ्यांबद्दल बोलतेय. शनिवारी पुन्हा तिथंच ने, आणि तिथून सरळ खुर्चीत. वीस मिनिटांचा रस्ता आहे. होईल ना?"

होण्यासारखे होते. त्याने हिशेब केव्हाच केला होता. बुधवारी सावलीतच केला होता, आणि स्वतःला पकडल्यावर दुसरीकडे पाहिले होते.

"बाकीचे दिवस जातील, ताई. पुण्यातले शेवटचे. हे इथले सगळे. तुझेसुद्धा."

"मी आहेच की तिच्याजवळ," वृंदा म्हणाली. "तू नाहीस. एक दिवस मागतेय तुझ्यासाठी. घे ना. सगळ्या जगाच्या पोरांच्या मनात परकी माणसं बसवतोस, एकदा स्वतः बस."

*

शनिवारी ते पुन्हा सावलीत बसले. धनगरीण नव्हती, मेंढ्या नव्हत्या. रिकामी सावली तेवढी माळावर पडली होती. पण शाल्मलीने रांग धरली, ओरडली, सरकली, हसली. कौस्तुभही हसला, आणि हसताना त्याचे लक्ष घड्याळाकडे होते. हा तास जपून ठेवायचा आहे, हे ठाऊक असलेला माणूस त्या तासात पुरता बसू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. बुधवार वेगळा होता.

पाच वाजता त्याने तिला कर्मचाऱ्यांच्या दारातून आत घेतले. वृंदा निरोप दालनाबाहेरच्या बाकावर थांबली. आत रांग लागली होती. उन्हाने रापलेले बाप, ओल्या केसांच्या आया, साखरेने चिकट झालेली मुले. नसीमाने भुवई उंचावून त्याला कडेची खुर्ची दिली.

"केवढी मोठी झालीस गं! ये गं राणी. मामाचं लाडकं माणूस, तीन मात्रा."

शाल्मली खुर्चीत चढून बसली. उशी तिच्या मानेपेक्षा मोठी होती. कौस्तुभने ती खाली घेतली, तिचे केस कानामागे सारले, आणि तो पडद्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, डोळे मिटू?"

"मिट."

"आई म्हणाली, आवडतं ते मनात आणायचं. म्हणजे ते राहतं."

"आण की मग." त्याचे बोट मात्रेच्या आकड्यावर होते. "काय आणलंस?"

त्याला वाटले होते, ती 'मेंढ्या' म्हणेल. त्याने ते ऐकण्याची तयारी केली होती.

"अन्वी," शाल्मली म्हणाली.

"कोण अन्वी?"

"आमच्या बिल्डिंगमधली. आम्ही निघालो ना पुण्याहून, तेव्हा ती खाली आलीच नाही. मी हाका मारल्या. मग गाडी निघाली, तेव्हा मला दिसलं, ती जिन्याच्या जाळीच्या मागे बसली होती. लपून. तिनं मला बघितलं, मी तिला बघितलं. पण हात नाही केला. दोघींनी पण." तिने डोळे आणखी घट्ट मिटले. "ते आणलंय मी. ते राहील ना?"

निघाल्या त्या दिवसाला आठवडा झाला होता. तो शेजारचा दिवस होता. पाटाच्या अगदी शेपटाकडचा, आणि तिथे एवढे सगळे उगवले होते, याची त्याला कल्पनाही नव्हती. ते रान कुणाचे होते? त्याचे खचितच नव्हते. वृंदाचेही नव्हते. शाल्मलीने सगळ्या आठवड्यात त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. कदाचित दररोज मनात ते काढत होती.

"मामा? राहील ना?"

"राहील," कौस्तुभ म्हणाला.

खुर्चीला आणखी एक सोय होती. गरोदर बायकांसाठी, फिट येणाऱ्या मुलांसाठी. दिवे मंदावत, घंटी वाजे, दीड मिनिट जाई. झोत तेवढा सुटत नसे, म्हणजे कुटुंबात कुणाला वगळल्यासारखे वाटायला नको. त्याला कोरा ठसा म्हणत. पडद्यावर कारण लिहावे लागे. त्याने लिहिले, 'पालकांची इच्छा'. ते खोटे होते. आणि नोकरीच्या अकरा वर्षांत त्याने पडद्यावर लिहिलेले पहिले खोटे.

निळे दिवे मंदावले. शाल्मलीच्या पापण्या थरथरत होत्या. दीड मिनिट तो तिच्याकडे पाहत उभा राहिला, आणि या दीड मिनिटात तिच्या मनातून तो हळूहळू, नैसर्गिकपणे, इतर कुठल्याही मामासारखा पुसट व्हायला मोकळा झाला.

घंटी वाजली.

"झालं? मला काहीच कळलं नाही."

"कळत नाहीच."

नसीमाने आपल्या पडद्यावर नोंद पाहिली. मग त्याच्याकडे पाहिले. मग पुढच्या मुलाला म्हणाली, "चला राजे, बसा."

बाहेर वृंदा उठून उभी राहिली. "दिलास?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि क्षणभर, तीस वर्षांत केले नव्हते तसे, कपाळ त्याच्या खांद्याला लावले. खोट्याचे ओझे म्हणतात ते त्याला तिथे, त्या खांद्यावर, नेमके जाणवले.

*

जूनमध्ये खर्डेकर मॅडमनी नोंदी तपासल्या. कर्मचाऱ्याचे नातलग, कोरा ठसा, आणि पालकांच्या सहीचा कागद नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त चष्मा बराच वेळ पुसला. कौस्तुभची बदली प्रवेशद्वारावर झाली. आता त्याला येणारी कुटुंबे दिसत, जाणारी नाहीत. दसऱ्याच्या सुट्टीत नवलगडने चार मात्रा केल्याची बातमी आली. आठ दिवसांत कौतुकनगरीने पाच केल्या. फाट्यावरच्या गाड्या पूर्वीसारख्याच कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत राहिल्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी वृंदाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे अनोळखी खिडकी होती, आणि खिडकीत फार पांढरे ऊन.

"कौस्तुभ, एक विचारते. खरं सांग."

"विचार."

"काल हिला म्हटलं, मामाच्या सावलीची गोष्ट सांग बाबांना. 'कुठली सावली?' म्हणाली. मला वाटलं चेष्टा करतेय. मेंढ्या म्हटलं, पवनचक्की म्हटलं. 'हो, असेल,' म्हणाली. असेल!" ती पडद्याच्या जवळ आली. "ठसा दिलाच नाहीस ना?"

"नाही दिला."

"मला बाहेर मान हलवून दाखवलीस."

"हो."

वृंदा रडत नव्हती. रागावलीही नव्हती, त्यापलीकडे कुठेतरी बसली होती. "एक दिवस मागितला होता रे मी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. तुला एवढंही घेता येत नाही."

अन्वीबद्दल सांगावे असे त्याच्या ओठांवर आले. पण ते शाल्मलीचे होते. तिने डोळे मिटून सांगितलेले.

"बोल तिच्याशी," वृंदा म्हणाली आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला. पडदा हलला, छत दिसले, मग शाल्मलीचा चेहरा, थोडा लांबट झालेला.

"हॅलो मामा."

"काय गं. शाळा कशी आहे?"

"बरी आहे." तिने इकडेतिकडे पाहिले. त्याला वाटले, आता ती फोन आईला देईल. आणि त्याला त्याचे वाईट वाटणार नव्हते, निदान तसे त्याने ठरवले होते.

"मामा," ती एकदम म्हणाली, "तू अजून बोटं वाजवतोस?"

"बोटं? मोडतो का?"

"नाही! झोपेत. तू दुपारी पुढच्या खोलीत झोपायचास ना, तेव्हा तुझी बोटं हलायची. अशी." तिने पडद्याजवळ हात आणून बोटे नाचवली, हलकी, एकामागून एक, पेटीच्या पट्ट्यांवरून फिरावीत तशी. "मी शेजारी बसून बघायचे. थांबली की तुझ्या कानाशी हळूच फुंकर मारायचे. मग परत सुरू व्हायची. तुला माहीतच नाही?"

कौस्तुभला माहीत नव्हते. माहीत असण्याची काही वाटच नव्हती. तो एकटा राहत होता. त्याच्या झोपेकडे इतके निरखून पाहिलेले माणूस या जगात दुसरे नव्हते.

"कुठल्या हाताची?" त्याने विचारले.

शाल्मलीने क्षणभर आठवले. घाई नव्हती तिला. ती आत कुठेतरी जाऊन, नीट पाहून, परत आली.

"डाव्या," ती म्हणाली.

त्याने फोन उजव्या हातात घेतला आणि डावा हात उचलून समोर धरला.